मोठ्या चाकांची महागडी ऐट

काटोल-नरखेडची संत्री कळमना बाजारात आणणाऱ्या पिकअपला मोठे टायर चढवले, की गाडी रुबाबदार दिसते. पण जड चाक फिरवायला इंजिनाला जोर जास्त लागतो. भरल्या गाडीत वारंवार खालचा गिअर टाकावा लागतो आणि डिझेल वाढते. शिवाय मीटर फसवतो. चाकाचा घेर ५ टक्क्यांनी वाढला, तर १०५ किलोमीटर धावूनही तो १०० च दाखवतो. वेगही कमीच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ लाही मूळ रचनेतले मनमानी बदल मान्य नाहीत. हौसेला मोल नसते म्हणतात. इथे मात्र ते चालकाच्या घरखर्चातून वसूल होते. त्यापेक्षा कंपनीच्या मापाचे टायर आणि त्यांत नेमकी हवा, यातच खरी बचत आहे.