गायरानाचा नकाशा कोण काढणार?



बी.एस्सी. झालेली, होत आलेली आपली पोरं-पोरी मला हल्ली एकच विचारतात : पुढं काय घेऊ? मी सांगतो, नैसर्गिक साधनसंपत्तीच्या संवर्धनाचं शिक्षण घे. माती, पाणी, जंगल, कुरण यांचं शास्त्र. ऐकणारा हसतो. म्हणतो, ते वाघाचे फोटो काढणाऱ्यांचं काम, त्यांच्या बापाकडं जीप असते.

हसू नका. वाघ हे या पुस्तकाचं नुसतं कव्हर आहे, आतली पानं मोजणीची आहेत. जमीन किती, पाणी किती, कोण वापरतंय, कधीपासून वापरतंय. मोजणी ज्याच्या हातात, जमीन त्याच्या घशात, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? शिवेचं भांडण लागलं की गाव महारालाच साक्षीला उभं करायचं. अख्खी शीव त्याला पाठ, आणि राहायचा कुठं, तर गावकुसाबाहेर! महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. तरी १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. ठराव आणि पाणी यांच्या मधोमध जात उभी होती.

आज ती गायरानात उभी आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसं तुरुंगात गेली. मराठवाड्यात आपल्या लोकांनी दगडधोंडे वेचून गायरानं कसली. सरकारनं २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयात मान्य केलं की अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करू. मान्य केलं आणि पुरावा मागितला. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कागद शिरू दिला नाही, त्यानंच आता कागद आणायचा!

पुढं २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्याच निकालात सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही लिहिलाय. कुरण वाचवा, झाडं लावा, ही भाषा गोड आहे. पण त्या भाषेत आलेली नोटीस भूमिहीनाच्याच दारावर चिकटते, आणि अपवादाची ओळ आपली आपल्यालाच शोधून दाखवावी लागते.

इथं तुमचं शिक्षण लागतं. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून जमिनीचे फोटो घेताहेत, आणि २००८ पासून ते फुकट मिळतात. १९८० च्या दशकातल्या फोटोत एक ठिपका म्हणजे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद तुकडा. हेक्टरभर शेत म्हणजे सुमारे ११ ठिपके. नांगरलेलं रान, उभं पीक आणि वाळलं गवत, प्रत्येकाचा प्रकाश वेगळा परततो. १९८९ चा पाऊस सरल्यानंतरचा, ढग नसलेला फोटो मिळाला तर तेव्हा तिथं शेत होतं की पड रान, हे शिकलेला माणूस वाचू शकतो. कसणारा कोण, ते मात्र उपग्रह सांगत नाही. त्याला म्हाताऱ्यांची साक्ष लागते, पंचनामे लागतात, अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या लागतात. ज्या पावतीनं आजाला चोर ठरवलं, तीच आज नातवाचा पुरावा!

पण यंत्र ज्याच्या हातात, त्याच्या बाजूनं बोलतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींखेरीज इतर जंगलवासीयांना, म्हणजे तिथल्या दलितांनाही, तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. एक धूसर फोटो दाखवून साहेब दावा फेटाळू लागला, तर २०१२ चे सुधारित नियम त्याच्यापुढं आपटा : उपग्रहाचं चित्र हा पूरक पुरावा आहे, बाकीचे पुरावे त्यानं रद्द होत नाहीत. हे ठासून सांगणारं कुणीतरी टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपलं हवं.

आता पोटाचं बोलू. भारतीय वनसेवा यूपीएससीतून मिळते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भ, भौतिक, गणित, संख्याशास्त्र यांपैकी एक विषय पदवीला असला तरी चालतो. कृषी, वनशास्त्र, इंजिनिअरिंगवालेही बसतात. शेवटी चालण्याची परीक्षा : पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, बायांना १४. चालायला आपल्याला कुणी शिकवायला नको. एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल होता येतं. वनशास्त्राची पदवी दापोलीला आणि अकोल्याला आहे, वनव्यवस्थापन भोपाळला, डेहराडूनला वनसंशोधनाची मोठी संस्था आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. बाहेर जायचं तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

मी भुलवत नाही. सरकारी जागा थोड्या, परीक्षा लांबतात. प्रकल्पांवरच्या नोकऱ्या कंत्राटी. खाजगीत पर्यावरण परिणामांचे अहवाल लिहायचं काम मिळतं, पण त्या अहवालाचे पैसे प्रकल्पवालाच मोजतो. तिथं गेलात तर पगार घ्या, पण विहिरीचं पाणी खारट झालं असेल तर खारटच लिहा. आपल्याच वस्तीवर बुलडोझर नेणारा जयभीमवाला साहेब आपल्याला नकोय.

या सुट्टीत गावाकडं जाल, तेव्हा आजीची पेटी उघडा. पावत्या असतील, त्यांचे फोटो काढा. शेताच्या चारी कोपऱ्यांवर उभं राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा. गट नंबर लिहून घ्या. सोबत घेऊन या, नकाशा काढायला आपण एकत्र बसू.