आजोबांच्या घड्याळाचा उजेड कुणी खाल्ला?



या वेळी सातवीतल्या एका मित्राचं पत्र सगळ्यात आधी घेतो, कारण बिचारा फार काळजीत आहे. त्याच्या आजोबांकडे चावीचं एक जुनं मनगटी घड्याळ आहे, 1955 साली त्यांच्या वडिलांनी घेऊन दिलेलं. आजोबा सांगतात, की पूर्वी त्याचे आकडे आणि काटे रात्रभर हिरवे चमकायचे. मध्यरात्री जाग आली तरी दिवा न लावता वेळ कळायची. आता मात्र अंधारात काही म्हणजे काही दिसत नाही.

आमच्या मित्रानं कुठं तरी ऐकलं, की असली घड्याळं उन्हात ठेवली की 'चार्ज' होतात. मग काय, मे महिन्यात चार दिवस घड्याळाचा मुक्काम गच्चीवर! उजेड तर आला नाहीच, वर बाबा ओरडले, "होता नव्हता तो रंगही उन्हात जाळून टाकलास!" आता तो विचारतोय, खरंच माझ्यामुळं बिघडलं का? आणि काच काढून जुना रंग खरवडला, नवी चमकणारी पूड लावली, तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही रे बाबा, उजेड तू घालवला नाहीस. दुसऱ्याचं उत्तर : मुळीच नाही! त्या काचेला हातसुद्धा लावू नकोस. का, ते सांगतो.

आधी आपल्या ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करू. छताला चिकटवायचे चमकणारे तारे तुम्ही पाहिले असतील. दिवा मालवला की ते हिरवट चमकतात आणि हळूहळू मंद होतात. त्यांच्यातल्या पुडीवर उजेड पडला, की तिच्यातले काही इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातात आणि तिथल्या खळग्यांत अडकून बसतात. अंधार झाला तरी खोलीतली साधी उष्णता त्यांना ढुशा देत राहते. एकेक इलेक्ट्रॉन खळग्यातून सुटतो, खाली येतो आणि येताना वर चढायला घेतलेली ऊर्जा उजेडाच्या रूपात परत करतो. सगळे खाली आले, की तारा विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उजेड, पुन्हा उड्या!

म्हणजे बघा, या खेळात काही जळत नाही आणि काही संपतही नाही. हंडा भरला आणि रिकामा केला म्हणून काही हंडा झिजत नाही, तसंच हे. आणि भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतलं तर ते सांडणारच, नाही का? म्हणून कडक उन्हात काही मिनिटं ठेवलेला तारा आणि चार दिवस ठेवलेला तारा अंधारात सारखाच चमकतो.

आजकालच्या चमकणाऱ्या घड्याळांत बहुधा स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट नावाची पूड असते. तिच्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियम ही दोन मूलद्रव्यं अगदी चिमूटभर मिसळलेली असतात. घड्याळांसाठी ती 1993 साली जपानच्या नेमोटो कंपनीनं तयार केली. तिच्यात किरणोत्सर्ग अजिबात नाही. उन्हाला ती दाद देत नाही. तिचा खरा शत्रू पाणी. ओल आत शिरली तर मात्र ती खराब होते.

त्याआधीची पूड झिंक सल्फाइडची. ती थोडी नाजूक. कडक ऊन आणि ओल, दोन्ही एकदम मिळाली, तर ती करडी पडते. म्हणजे बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही बरं का! शिवाय उन्हानं तबकडीचा रंग विटतो आणि घड्याळ तापतं. त्यामुळं कुठलंही घड्याळ दिवसेंदिवस उन्हात ठेवू नयेच.

पण मग आजोबांचं घड्याळ? पत्रातलं ते वाक्य आठवा. ते रात्रभर चमकायचं! साठवलेल्या उजेडावर चालणारी त्या काळची पूड पहाटेपर्यंत टिकत नसे. म्हणजे या घड्याळाला उजेड बाहेरून मिळत नव्हता, तो आतच तयार होत होता. 1960 च्या आधीच्या अशा घड्याळांत बहुतेक वेळा एकच गोष्ट असायची : रेडियम.

मेरी आणि पिएर क्यूरी यांनी 1898 साली पॅरिसमध्ये शोधलेलं हे मूलद्रव्य सतत अल्फा कण फेकत असतं. झिंक सल्फाइडमध्ये कणभर रेडियम मिसळलं, की त्या कणांच्या माऱ्यानं पूड रात्रंदिवस चमकत राहते. ऊन नको, दिवा नको.

रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं. म्हणजे आहे त्यातलं निम्मं संपायलाच 1600 वर्षं लागतात. आजोबांच्या घड्याळाला 70 वर्षं झाली. हिशेब केला तर 100 भागांपैकी 97 भाग रेडियम अजून तिथंच बसलेलं आहे! मग उजेड कुठं गेला? अहो, ज्या कणांनी पुडीला चमकवलं, त्यांनीच तिला ठोकून ठोकून मोडून टाकलं. रोज हातोडी मारली तर घंटा वाजेल, पण एक दिवस तिला तडा जाईलच ना? तसं झालं. उजेड रेडियमनंच दिला आणि रेडियमनंच खाल्ला. आता ती पूड उन्हात ठेवून उपयोग नाही, कारण इलेक्ट्रॉन धरून ठेवणारी तिची आतली रचनाच मोडली आहे.

आता कळलं, काचेला हात का लावायचा नाही? घंटा फुटली, पण हातोडी अजून चालूच आहे! काच बंद असेपर्यंत ती पूड आत राहते आणि अल्फा कणही काचेच्या पलीकडे येत नाहीत. पण रंग खरवडला तर त्याची धूळ उडेल, श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाईल. आणि आपलं शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत नेऊन बसवतं.

हे माणसांना फार मोठी किंमत देऊन कळलं. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावात 1917 पासून एका कारखान्यात तरुण मुली घड्याळांचे आकडे रेडियमच्या रंगानं रंगवत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलं होतं. रंग निरुपद्रवी आहे, असंही सांगितलं होतं. पुढं त्यांचे दात पडू लागले, जबड्याची हाडं कुजू लागली. कित्येक जणी तरुणपणीच गेल्या. ग्रेस फ्रायर नावाच्या मुलीला खटला चालवायला वकील मिळेपर्यंत दोन वर्षं गेली. पण ती मागं हटली नाही. 1927 साली पाच जणींनी खटला भरला आणि 1928 मध्ये कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. कामगारांच्या सुरक्षेचे नियम पुढं कडक झाले, त्यात या मुलींच्या लढ्याचा मोठा वाटा आहे.

रेडियमनंतर घड्याळांत ट्रिटियम आलं. त्याचे कण सौम्य असतात, पण अर्धायुष्य फक्त 12.3 वर्षं. म्हणजे 25 वर्षांत जेमतेम पाव हिस्सा उरतो. अशी घड्याळंही विझतात, पण त्यातही उन्हाचा दोष नाही. सहाच्या आकड्याखाली तबकडीवर बारीक इंग्रजी 'टी' दिसला, तर बहुधा ट्रिटियम समजा.

आणि हो, आपल्याकडे गाडीच्या नंबरप्लेटवर लावतात, त्यालाही आपण 'रेडियम' म्हणतो. घाबरू नका! त्यात रेडियमचा कणही नसतो. समोरच्या गाडीचा उजेड ते फक्त आल्या वाटेनं परत पाठवतं. नाव तेवढं मागं राहिलं.

तेव्हा आमच्या मित्रा, आता असं कर. हे पान बाबांना आणि आजोबांना वाचून दाखव. घड्याळ झाकणाच्या डबीत घालून कपाटात ठेवा, उशाशी नको. काच तडकलेली असेल तर तू हात लावू नकोस, मोठ्यांना सांग. दुरुस्तीला द्यायचं झालंच, तर आत रेडियम असू शकतं, हे दुकानदाराला आधीच सांगा. आजोबांची आठवण म्हणून ते जपा, पण आहे तसंच.

बाकीच्यांसाठी एक प्रयोग. एकाच पाकिटातले दोन चमकणारे तारे घ्या. एक महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा, दुसरा बंद खणात. महिन्यानं दोन्ही तारे एकाच दिव्याखाली दहा मिनिटं धरा आणि अंधाऱ्या खोलीत शेजारी शेजारी ठेवा. फरक दिसतो का? जास्त वेळ कोण चमकतं? वहीत नोंद करा आणि मला लिहून कळवा. फरक दिसला नाही तरी कळवा बरं का, तेही उत्तरच असतं!