धान्यकोठारे अडगळ नव्हेत

संपादक महोदय,

पडीक धान्यकोठारे पाडून शहरांतील जागा मोकळी करावी, हा आपल्या अंकातील लेखाचा आग्रह चुकीच्या माहितीवर उभा आहे.

मोठी कोठारे ही इंग्रजांची देणगी, असे लेखक म्हणतात. १७७०च्या दुष्काळाचा धडा घेऊन कॅप्टन जॉन गार्स्टिन यांनी पाटण्याचे गोलघर १७८६ मध्ये पूर्ण केले, हे खरे. पण पन्हाळ्याचा अंबरखाना त्याच्या कितीतरी आधीचा! गंगा, यमुना, सरस्वती ही त्याच्या कोठ्यांची नावे. गंगा कोठीत बाहेरच्या जिन्याने छतावर जायचे आणि घुमटांच्या माथ्यावरील भोकांतून धान्य आत ओतायचे, अशी रचना आजही दिसते. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड महिनोन्महिने तगला. साठा नसता तर ते शक्य होते का?

उपयोग संपला की वास्तूचे मोल संपते, हेही पटणारे नाही. केपटाऊनमधील १९२४ चा धान्याचा सायलो २०१७ पासून कलासंग्रहालय म्हणून गजबजला आहे. पन्हाळा तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

भंडारा जिल्हा धानावर जगतो. इथे शेणमातीने लिंपलेल्या बांबूच्या ढोल्या घरांतून दिसेनाशा होत आहेत. निदान जुनी गोदामे तरी राखावीत. आणि पाडायचीच झाली, तर त्याआधी नगरपरिषदांनी प्रत्येकाचे मोजमाप, नकाशा आणि छायाचित्रे करून घ्यावीत.

लेखकांनी एकदा अंबरखाना पाहून यावा.

– एक वाचक, तुमसर, जि. भंडारा