गरीब वस्तीतली शाळा आणि केंद्राचा पैसा : अमेरिकेच्या 'टायटल वन'कडून काय घ्यावं?



अमेरिकेतली शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठी मैदानं, पिवळ्या बस आणि चकचकीत वर्ग येतात. तिकडे कुणी नातेवाईक असतील, तर तुम्ही हेही ऐकलं असेल की घर घेताना लोक आधी विचारतात, "स्कूल डिस्ट्रिक्ट कोणतं?" सगळ्या सरकारीच शाळा, शिक्षण मोफत, मग एवढी चौकशी कशाला? कारण तिथे शाळेचं नशीब बऱ्याच अंशी त्या भागातल्या घरांच्या किमतीवर ठरतं. हे असमान नशीब थोडं तरी सावरावं म्हणून तिथलं केंद्र सरकार गरीब मुलांच्या शाळांना जादा पैसा देतं. तो पैसा कसा पोचतो आणि कुठे अडतो, हे आपण शिक्षक-पालकांनी समजून घ्यायला हवं असं मला वाटतं.

पैसा येतो कुठून?

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एका ठरावीक भागातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणारी संस्था. बहुतेक ठिकाणी तिचं मंडळ लोक निवडून देतात. तिच्या तिजोरीत तीन ठिकाणांहून पैसा येतो. साधारण ४५ टक्के स्थानिक, त्यातला मोठा भाग आपल्या घरपट्टीसारख्या मालमत्ता कराचा. जवळपास तेवढाच किंवा थोडा जास्त राज्य सरकारचा. आणि केंद्राचा वाटा कोरोनाच्या आधीच्या वर्षांत ८ टक्क्यांच्या आसपास होता.

आठ टक्के म्हणजे किरकोळच की, असं वाटेल. म्हणून एक खरं उदाहरण बघू. टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात एजवुड आणि अलामो हाइट्स हे दोन डिस्ट्रिक्ट. एजवुडमध्ये बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतली, तर अलामो हाइट्स सधन वस्ती. १९६७-६८ या वर्षातले दर मुलामागचे आकडे असे होते :

- एजवुड : स्थानिक कर २६ डॉलर, राज्य २२२, केंद्र १०८. एकूण ३५६ डॉलर.
- अलामो हाइट्स : स्थानिक कर ३३३ डॉलर, राज्य २२५, केंद्र ३६. एकूण ५९४ डॉलर.

आता गंमत बघा. गंमत कसली, अन्यायच तो. एजवुडचे लोक कराचा दर जास्त भरत होते. शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे त्यांचा दर १.०५ डॉलर, तर अलामो हाइट्सचा ०.८५. पण मुळात घरंच स्वस्त, मग कर गोळा होणार किती? आणि राज्याची मदत दोघांना जवळपास सारखीच. केंद्राचा पैसा वगळला तर एजवुडच्या मुलावर अलामो हाइट्सच्या मुलाच्या ४४ टक्केच खर्च होत होता. केंद्राचा पैसा धरला की तो ६० टक्क्यांवर जातो. दरी बुजली नाही, पण कमी झाली. तिन्ही वाट्यांपैकी गरीब मुलाकडे स्पष्टपणे झुकलेला वाटा हा एकच.

डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक याविरुद्ध न्यायालयात गेले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की शिक्षण हा देशाच्या राज्यघटनेतला मूलभूत हक्क ठरत नाही. पालक हरले. पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या घटनेच्या आधारे ही पद्धत रद्दबातल ठरवली. तेवढ्या काळात शाळेत गेलेल्या पिढीला मात्र त्याचा काय उपयोग?

'टायटल वन' म्हणजे काय?

लिंडन जॉन्सन हे राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, टेक्सासमधल्या कोटुला गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांच्या शाळेत शिक्षक होते. ११ एप्रिल १९६५ रोजी त्यांनी प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण कायद्यावर सही केली, तीही आपल्या लहानपणच्या शाळेपाशी, पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून. त्या कायद्याचा पहिला भाग म्हणजे 'टायटल वन'. २०१५ मध्ये कायद्याची नव्यानं मांडणी झाली, पण हा भाग कायम आहे. अलीकडच्या वर्षांत त्यावर वर्षाला १८ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम खर्च होते.

पैसा उतरतो तो असा. जनगणना विभाग प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये गरीब घरांतली शाळकरी मुलं किती, याचा अंदाज काढतो. त्यावरून डिस्ट्रिक्टचा वाटा ठरतो. डिस्ट्रिक्ट तो आपल्या शाळांमध्ये गरिबीच्या क्रमानं वाटतं. ज्या शाळेत ७५ टक्क्यांहून जास्त मुलं गरीब, तिचा नंबर आधी लावावाच लागतो. ४० टक्के किंवा जास्त मुलं गरीब असतील तर शाळा तो पैसा संपूर्ण शाळेच्या सुधारणेसाठी वापरू शकते. त्याहून कमी असतील तर साधारणपणे मागे पडलेल्या मुलांसाठीच.

या पैशातून वाचनात कच्च्या मुलांसाठी वेगळे शिक्षक नेमतात, वर्गात मदतनीस देतात, शाळा सुटल्यावर किंवा उन्हाळ्यात जादा वर्ग घेतात, पूर्वप्राथमिक वर्ग चालवतात. बेघर मुलांसाठी काही रक्कम बाजूला ठेवावी लागते. दुपारचं मोफत जेवण, अपंग मुलांचं शिक्षण, इंग्रजी न येणाऱ्या मुलांची मदत यांसाठी वेगळे केंद्रीय निधी आहेत.

पैसा मुरतो कुठे?

कायदा झाला, पैसा सुटला, आणि चारच वर्षांत लक्षात आलं की तो भलतीकडेच जातोय. १९६९ मध्ये नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांनी अहवाल काढला. त्यात दिसलं की अनेक ठिकाणी हा पैसा डिस्ट्रिक्टच्या नेहमीच्या खर्चात मिसळला जात होता. म्हणजे डावीकडून केंद्राचे शंभर आले की उजवीकडून स्थानिक शंभर काढून घ्यायचे. कागदावर मदत झाली, मुलाच्या पाटीवर काहीच नाही.

त्यानंतर नियम कडक झाले. त्यातला मुख्य नियम असा : केंद्राचा पैसा हा भर म्हणूनच वापरायचा, नेहमीच्या पैशाला पर्याय म्हणून नाही. दुसरा नियम असा की गरीब शाळेला स्थानिक आणि राज्याच्या पैशातून इतर शाळांच्या तोडीच्या सोयी आधीच मिळत असल्या पाहिजेत. माझ्या मते अख्ख्या योजनेचा जीव या दोन नियमांत आहे. ताटात भात-आमटीच नसेल तर वरून वाढलेल्या तुपाचा काय उपयोग?

तिसरी गोष्ट पालकांची. पाच लाख डॉलरहून जास्त निधी मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टनं त्यातला किमान १ टक्का पालकांच्या सहभागासाठी ठेवायचा असतो. शाळेनं दर वर्षी पालकांची सभा घेऊन योजना समजावून सांगायची, आणि शाळा काय करेल, पालक काय करतील याचा लेखी करार करायचा.

सगळं छान आहे असंही नाही. पात्रतेची अट इतकी सैल आहे की देशातल्या बहुतेक डिस्ट्रिक्टना थोडा तरी वाटा मिळतो. राजकारणाच्या दृष्टीनं हे सोयीचं, कारण प्रत्येक खासदाराच्या भागात काहीतरी पोचतं. पण सगळीकडे शिंपडलं की खरी कोरडी जमीन कोरडीच राहते. शिवाय पैसा वरून येतो म्हणजे तो वरच अडूही शकतो. मार्च २०२५ मध्ये तिथलं शिक्षण खातं बंद करण्याच्या दिशेनं राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, आणि जुलैमध्ये शाळांचे इतर काही केंद्रीय निधी काही आठवडे रोखून मग सोडले गेले. टायटल वनचा मुख्य निधी त्यात नव्हता, पण शाळा उघडायच्या तोंडावर शिक्षक नेमायचे की नाही, हा प्रश्न अनेक डिस्ट्रिक्टपुढे उभा राहिलाच.

"पैसा ओतून मुलं हुशार होतात का?" असं काही जण विचारतात. नुसत्या पैशानं नाही होत, मान्य. पण एजवुडच्या मुलाला हे सांगणारे लोक स्वतःच्या मुलासाठी अलामो हाइट्समध्येच घर शोधतात, हेही खरं ना?

आपल्यासाठी काय?

आपल्याकडे समग्र शिक्षा योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के. गणवेशासारख्या काही गोष्टी मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं यांना धरून मिळतात. पण शाळेच्या हातात येणारं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरतं. सधन गावातली दोनशे पटाची शाळा आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांची दोनशे पटाची शाळा या हिशेबात सारख्याच. वास्तविक दुसऱ्या शाळेतल्या गुरुजींना हंगामात मुलं टिकवण्यापासून सुरुवात करावी लागते. पट मोजावाच, पण त्या पटामागची गरिबीही मोजावी आणि त्या शाळेला जादा द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकार ते कधी करेल ते करो. आपल्या हातात शाळा व्यवस्थापन समिती आहे, आणि कायद्यानंच तिच्यात ७५ टक्के पालक असतात. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा हे तीन प्रश्न नक्की विचारा :

१. यंदा शाळेला कोणकोणता निधी आला आणि तो कोणत्या तारखेला आला?
२. त्यातला किती पैसा सर्वांत मागे असलेल्या मुलांसाठी खर्च झाला?
३. तो पैसा आला नसता तर शाळेत आज काय कमी असतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असं आलं, तर समजा की पैसा आला, पण मुलापर्यंत पोचला नाही. मग तिथेच बसून पुढच्या वर्षाचा आराखडा बदलायला घ्या.