मारणारा गाडीतच बसलाय

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईने गाडीच्या सायलेन्सरबद्दल लिहावं म्हणजे अतिच झालं, असं धाकट्या बहिणीने फोनवर आधीच सुनावलं आहे. पण गेलं वर्षभर आमच्या घरात जेवताना दुसरा विषय निघालेला नाही, आणि माझं याबाबत ठाम मत झालं आहे. एखादा भाग दुसऱ्यांदा जळला, तर तो बदलणाऱ्याला आधी "का जळला?" असं विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत पाकीट उघडू नये.

झालं असं. माझ्या पुतण्याची सीएनजीवर चालणारी छोटी पिकअप आहे, २०२१ साली कर्ज काढून घेतलेली. नारायणगावहून टोमॅटो भरायचे आणि वाशीच्या बाजारात पोचवायचे, हा त्याचा धंदा. तिचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. बदलला. दुसरा सात महिन्यांत गेला. तोही बदलला, तर तिसरा चार महिन्यांत! एकेकाला ४० हजारांच्या घरात खर्च. एकदा रात्री ढाब्यावर गाडी थांबवली तर खालून लालसर उजेड दिसला, आणि गाडीखालचं वाळलं गवत धुमसायला लागलं. ढाब्यावरच्या पोराने बादली ओतली म्हणून निभावलं. वर टोमॅटो, मागे गॅसच्या टाक्या. मी ते ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता हा कन्व्हर्टर म्हणजे काय, ते माझ्यासारख्यांसाठी सांगते. (इंजिनिअर भाचे मंडळींनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) धुराच्या नळीत एक डबा असतो. त्यात भाजलेल्या मातीची, पोळ्यासारख्या बारीक छिद्रांची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ लेप. इंजिनातून येणारे विषारी वायू त्यावरून जाताना निरुपद्रवी होतात. शाळेत उत्प्रेरक शिकलो तोच हा. इंजिन नीट असेल तर डबा साधारण ४०० ते ८०० अंशांत काम करतो. हजाराच्या पुढे गेला की लेप मरायला लागतो, आणि १४०० च्या आसपास वीटच वितळते. मग छिद्रं बुजतात, धुराला वाट मिळत नाही आणि गाडी ओढेनाशी होते. पुतण्या म्हणायचा, "काकू, भरलेली गाडी बोरघाट उतरते तेव्हा काही कळत नाही, पण रिकामी परत चढताना दम लागतो." रिकाम्या गाडीला दम लागतो, यातच सगळं आलं नाही का?

पण डबा स्वतःहून तापत नाही, त्याच्यात इंधन येऊन जळतं. इंजिनात जळायचं ते न जळता बाहेर पडलं की डब्यात पेट घेतं. ते असं बाहेर का पडतं, याची कारणं मोजकी आहेत. कुठल्यातरी सिलिंडरला ठिणगी चुकते, गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' मारते. किंवा इंजेक्टर गळतो. किंवा सेन्सर खोटं सांगतो आणि संगणक जास्त इंधन सोडतो. किंवा सेन्सरच्या आधी नळीला भेग असते, तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर फसतो. इंजिन ऑइल खात असेल तर तो लेपावर थर बसवतो, ते दुखणं वेगळं.

ठिणगी चुकली की आणखी एक गंमत होते. न जळलेल्या गॅसबरोबर न वापरलेला प्राणवायूही बाहेर येतो. सेन्सर फक्त प्राणवायू बघतो. त्याला वाटतं इंधन कमी पडतंय, म्हणून संगणक आणखी इंधन सोडतो! म्हणजे डब्याला सरपणही मिळतं आणि वाराही. थोडं अंकगणित करू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरला मिनिटाला १५०० ठिणग्या लागतात. दहातली एक चुकली तरी मिनिटाला दीडशे घास इंधन त्या डब्यात जातं. घाट चढायला अर्धा तास लागला तर काय होईल, ते तुम्हीच मोजा.

पहिल्या दोन्ही वेळी वर्कशॉपने काय केलं? स्कॅनर लावला, त्यावर पी०४२० आलं. त्याचा अर्थ एवढाच, की कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. त्यांनी कन्व्हर्टर बदलला, दिवा मिटवला, बिल दिलं. नववीत नापास झालेल्या मुलाला नववीचंच पुस्तक नवं आणून देणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्याचं पाचवीचं गणित कच्चं आहे, हे बघायला कुणाला वेळ नसतो.

तिसऱ्या वेळी चाकणजवळचा एक तरुण मेकॅनिक भेटला. त्याने गाडी वर घ्यायच्या आधी जुनी बिलं मागितली. बिलं वाचून म्हणाला, "आजी, हा तिसरा मेला ना? मग मारणारा गाडीतच बसलाय." उभ्या गाडीत इंजिन सुरळीत चालत होतं. म्हणून त्याने गाडीत पोती भरली, स्कॅनर जोडूनच चढावर नेली आणि कोणता सिलिंडर किती वेळा चुकतो ते मोजलं. तिसरा सिलिंडर, आणि तोही फक्त इंजिन तापल्यावर आणि जोर लागल्यावर. कॉइलला केसाएवढी भेग होती, प्लगांचं अंतर झिजून वाढलं होतं. गॅसला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे सीएनजी गाडीत हे दुखणं आधी उघडं पडतं. कॉइल आणि प्लग मिळून जेवढे पैसे लागले, ते एका कन्व्हर्टरच्या पुढे किरकोळ होते.

वर्कशॉपची बाजूही मी ऐकून घेतली आहे. गिऱ्हाईक घाईत असतं. दोन तास गाडी चढावर फिरवून कारण शोधलं, तर त्याचे हजार रुपये द्यायला लोक कुरकुरतात, आणि सुट्या भागाचे ४० हजार मुकाट देतात. हे खरं आहे. आपण शोधण्याचे पैसे द्यायला शिकलं पाहिजे. पण बिलावर 'जळण्याचं कारण' असा एक रकाना असावा, ही माझी मागणी कायम आहे. तो कोरा राहिला तर गिऱ्हाइकाला निदान कळेल तरी.

दुसरा एक सल्ला पुतण्याला बाजारातल्या चालकांनी दिला: वीट फोडून टाक, रिकामा डबा बसव, कटकट मिटेल. सरकारने हे खूळ मागे लावलंय, असंही वर म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. एकतर ते बेकायदा आहे. आणि चुकणारी ठिणगी तशीच राहणार, फक्त धूर रस्त्याकडेच्या पोरांच्या नाकात जाणार. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आले, तेव्हा त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिशाने लेप मरत असे. २००० सालापर्यंत देशभरातलं शिसं गेलं. म्हणजे तेव्हाही दोष डब्यात नव्हता, त्याच्याकडे काय पाठवलं जातं त्यात होता.

आणि हो, चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला तर सवडीने दाखवा. पण तो लुकलुकायला लागला तर ठिणगी चुकतेय आणि कन्व्हर्टर आत्ता जळतोय, असं समजा. जोर कमी करा, जमलं तर वाळकं गवत सोडून बाजूला थांबा. पुतण्याच्या गाडीत तो दोनदा लुकलुकला होता. आधीच्या वर्कशॉपमध्ये त्याने तसं सांगितलंही होतं.

चौथा कन्व्हर्टर कॉइल बदलल्यावरच बसवला. जुना तिसरा मी पडवीत गोणपाटात बांधून ठेवला आहे, कारण मेला तरी त्यात ते धातू आहेतच. भंगारवाला दोनदा विचारून गेला. त्याने सांगितलेला भाव ऐकून पुतण्या म्हणाला, "काकू, मग आधीचे दोन वर्कशॉपवाल्यांनी ठेवून घेतले, त्यांचं काय?" त्याबद्दल मी त्यांना दोन पानी पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं आहे. पोच आली, उत्तर अजून नाही.