विरजणाचा बेवड

कपाशीवर कपाशी घेऊं नये, बेवड बदलावा, हें अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्यास कोणीं शिकवावयास नको. दह्याच्या विरजणासही हाच नियम लागू आहे, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

दूध चांगलें, भांडें स्वच्छ, ऊब योग्य. तरीही कधीं कधीं डेअरीचें दूध विरजत नाहीं. याचें एक कारण म्हणजे विरजणाच्या जंतूंस मारणारे विषाणु होत. न्यूझीलंडमध्यें व्हाइटहेड व कॉक्स यांनीं १९३५ सालीं हें उघड केलें. पाश्चरीकरणाच्या उष्णतेनें यांतील कित्येक विषाणु मरत नाहींत. निवळीच्या शिंतोड्यांतून ते एका भांड्यांतून दुसऱ्यांत जातात.

परंतु जंतुही निमूटपणें मरत नाहींत. डॅनिस्को कंपनीच्या बारांगू, होर्वाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं दाखविलें कीं, 'स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस' हा दह्याचा जंतु हल्ल्यांतून वांचला, तर विषाणूच्या आनुवंशिक धाग्याचा लहानसा तुकडा आपल्या धाग्यांत जपून ठेवूं शकतो. तोच विषाणु पुन्हां आला, कीं त्या तुकड्यावरून त्याची ओळख पटते व जंतु त्याचा धागा कापून टाकतो. ही ओळख पुढील पिढ्यांसही मिळते. या व्यवस्थेस 'क्रिस्पर' म्हणतात. तिच्या आधारें जनुकें कापण्याची रीत बसविल्याबद्दल शार्पेंतिए व डाउडना या विदुषींस २०२० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

तथापि विषाणूनें तेवढ्या भागापुरतें रूप बदललें, कीं हा पहारा फसतो. बी.टी. कपाशी २००२ सालीं आली, तेव्हां बोंडअळीची चिंता मिटली असें पुष्कळांस वाटलें. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें वऱ्हाडांत तो समज खोटा ठरविला. एकाच संरक्षणावर विसंबणें फार दिवस चालत नाहीं.

यास्तव आमचें मत असें कीं, दूधसंस्थांनीं एकच विरजण वर्षभर चालवूं नये. एकाच विषाणूस सर्व बळी पडणार नाहींत अशीं दोन-तीन विरजणें आळीपाळीनें वापरावीं व निवळीचीं भांडीं विरजणाच्या खोलींत नेऊं नयेत. घरचें विरजण सुस्त झालें, तर शेजारून नवें आणण्याची आपली चाल याच दृष्टीनें शहाणपणाची आहे. विरजणें पारखून देण्याचें काम अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें अंगावर घ्यावें. बियाण्याची पारख करणारा शेतकरी विरजणाचीही पारख मागूं लागला, तर ओतून द्यावें लागणारें पुष्कळ दूध वांचेल.