पाणी म्हणजे जल, तर नळाला जल का येत नाही?

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसमोर एक जाडजूड मार्गदर्शक उघडा असतो आणि त्यात समानार्थी शब्दांची पानंच्या पानं असतात. पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, सलिल. पोरं ती मान डोलवत पाठ करतात. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न मराठीचे होते, तेव्हा त्यांना हसण्यात अर्थ नाही. माझं भांडण त्यांना ही पानं हाती देणाऱ्यांशी आहे.

नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात वाद घालायचा तर पूर्वपक्ष आधी धडपणे मांडायला हवा. तो असा. विटाच नसतील तर भिंत कशाची बांधणार? आधी शब्द पाठ हवेत, वाक्याचं मग बघू. दुसरं, आमच्या भागातल्या लेकरांच्या घरची बोली प्रमाण नाही, म्हणून त्यांना प्रमाण शब्द घोटवूनच द्यावे लागतात. तिसरं, संदर्भावरून अर्थ लावणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. आणि चौथं, अखेरचं ब्रह्मास्त्र: घोकंपट्टीला नावं ठेवता, मग लातूर पॅटर्न कशावर उभा राहिला?

ब्रह्मास्त्रापासूनच सुरुवात करू. पॅटर्नने खेड्यापाड्यातली पोरं मेडिकल-इंजिनिअरिंगला पोचवली, हे नाकारणारा आंधळा म्हणावा लागेल. पण पॅटर्नचा जोर विज्ञानावर आहे. तिथे पेशी म्हणजे पेशीच. परीक्षा पुण्यात असो की अहमदपुरात, पेशीचा अर्थ बदलत नाही. हजारदा प्रश्न सोडवला की हात बसतो. भाषेत तसं नाही. गंमत म्हणजे या पॅटर्नशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे साहित्याचे माणूस; अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. भौतिकशास्त्राची रीत शब्दांना लावा, असं पॅटर्नने कुणाला सांगितलेलं नाही. ते आपलं आपण ठरवलं.

आता विटांचं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. गाडीचं नाव होतं ‘जलदूत’. लोकांच्या तोंडी मात्र ती पाण्याची रेल्वेच. यादीच्या हिशेबाने जल आणि पाणी एकच. मग ‘आठ दिवस झाले, नळाला जल नाही’ असं लातुरात कुणी का म्हटलं नाही? कारण जल हा शब्द दूत, वाहिनी, संधारण अशा संस्कृत सोबत्यांत रमतो. नीर क्षीराशेजारी बसतं. उदकाला गंगा लागते, नाहीतर शांत. विटा एका मापाच्या असतात, कुठलीही कुठेही बसते. शब्द शेजार पाहून बसतो. यादी नेमका हा शेजारच कापून टाकते.

एक रिकामी जागा घेऊ. ‘मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली आणि भाव ____.’ पर्याय चार: ओसरला, मावळला, खालावला, उतरला. ‘कमी होणे’ या मथळ्याखाली चौघंही एका ओळीत सापडतील. यादीवाला तिथे अडकतो. ज्याचा बाप आडतीवर माल घालून आलाय त्या पोराला काही वाटतसुद्धा नाही: भाव उतरतो. ओसरतो तो गोदावरीचा पूर, मावळतो दिवस, खालावते ती आजीची तब्येत. आता त्याच वाक्यातला ‘आणि’ खोडून ‘तरी’ लिहा. ‘आवक वाढली, तरी भाव ____.’ उत्तर पार फिरलं. आता ‘टिकून राहिला’, ‘चढलाच’ असं काहीतरी हवं. एका दोन अक्षरी अव्ययाने सगळं उलटवलं, आणि यादीत ‘तरी’चा समानार्थी शब्द शोधून यातलं काहीही हाती लागत नाही. (‘तरी दिसला की उलटा पर्याय ठोका’ अशी युक्ती आता कुणीतरी छापेल, याचीही मला खात्री आहे.)

बोलीचा मुद्दा मला सर्वांत जास्त झोंबतो. देगलूरच्या बाजारात वाढणारं लेकरू घरात मराठी बोलतं, गिऱ्हाइकाची तेलुगू-कन्नड ऐकतं, शेजारच्या गल्लीतली दखनी उचलतं. मुखेड-किनवटकडच्या तांड्यावरचं लेकरू गोरमाटीतून शाळेच्या मराठीत येतं. ही पोरं दिवसभर न कळलेल्या शब्दांचे अर्थ बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून, आधीच्या वाक्यावरून, हातातल्या वस्तूवरून लावत असतात. ज्या कौशल्यात ती शहरी एकभाषी मुलांच्या पुढे आहेत, तेच आपण वर्गात ‘अशुद्ध’ म्हणून बाद करतो आणि बदल्यात सलिल आणि तोय देतो!

अंदाजाच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा खासरापत्रक, पाहणीपत्रक हे शब्द बातम्यांत रोज येऊ लागले. निजामकाळ, नोंद, महसूल हे सोबतीचे शब्द वाचून हा जमिनीचा जुना कागद आहे इतकं कुणालाही कळतं. पण खासरापत्रकात नेमकं काय असतं, ते नुसत्या वाक्यावरून कळत नाही. तिथे तलाठ्याला विचारा, कोश उघडा. कोशाला माझा विरोध असायचं कारणच नाही. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडून पाहा, अर्थापाठोपाठ जुन्या पोथ्या-बखरींतली उदाहरणं येतात. कोशकारांनाही अर्थ सापडला तो वाक्यांतूनच. त्यांचे कष्ट गाळून नुसते शब्द तेवढे उचलले की यादी तयार होते.

संदर्भावरून शब्द ओळखणं ही इंग्रजी पाठ्यपुस्तकांची आयात आहे, असंही ऐकू येतं. जेवायला बसलेला माणूस ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर सिंधू देशातला घोडा. हे उदाहरण आपल्या शास्त्रकारांचं आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने ठरतो, याची जंत्री भर्तृहरीने दीड हजार वर्षांपूर्वी ‘वाक्यपदीया’त दिली: साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काळ. भरतीच्या मार्गदर्शकात पाठ करण्याजोगी एखादी यादी छापायचीच असेल, तर ही छापा.

आणि शिकवायचं कसं? त्याला पैसा लागत नाही. सकाळच्या पेपरातली बाजारभावाची किंवा विष्णुपुरी धरणाची बातमी फळ्यावर लिहा, पाच-सहा शब्द पुसा आणि पोरांना भरायला सांगा. 1953 मध्ये विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने मजकूर किती समजतो हे मोजायला हीच रीत वापरली होती. फक्त उत्तर बरोबर आलं की थांबू नका, ‘का?’ विचारा. एक म्हणेल ‘भाव उतरला’, दुसरी म्हणेल ‘भाव पडला’, आणि दोघं भांडतील. पडला म्हणजे एकदम, उतरला म्हणजे हळूहळू, असं त्यांचं तेच शोधून काढतील. दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतील, आणि कुठला शब्द जास्त शोभतो हे बातमीतलं पुढचं वाक्य वाचून ठरवावं लागेल. त्यासाठी सरांना तास संपल्यावरही वर्गात दहा मिनिटं थांबावं लागेल, आणि मार्गदर्शकाला यादी गाळून सबंध उतारे छापावे लागतील.